सीकेडीवरचा अभ्यास: क्रिएटिनिन मोजलं, पण रुग्णाला काय होतंय ते मोजलं का?

गाळणी

सीकेडीवर, म्हणजे किडनीच्या जुनाट आजारावर, प्रबंध किंवा छोटा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. अशा आराखड्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शीर्षकात 'आजाराचा रुग्णांवर होणारा परिणाम' असतो आणि आत मोजलेलं असतं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ), हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस. रुग्ण मात्र सांगतो की अंगात त्राण नाही, रात्री पाय स्वस्थ बसत नाहीत, खाज जात नाही, तोंडाची चव गेली. या दोन याद्या एकमेकींना फारशा भेटत नाहीत. ती भेट अभ्यासात कशी घडवायची, यावर इथे नेमकं लिहू या.

आधी व्याख्या, कारण बरेच आराखडे इथेच घसरतात. ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिलीलिटर गाळते याचा अंदाज) ६० पेक्षा कमी, किंवा किडनीला इजा झाल्याची खूण (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाणं, सोनोग्राफीत किंवा बायोप्सीत दिसणारा बदल), आणि हे किमान ३ महिने टिकलेलं असायला हवं. शेवटची अट सगळ्यात जास्त वगळली जाते. तपासणी शिबिरात एकदाच रक्त घ्यायचं आणि 'अमुक टक्के लोकांना सीकेडी' असं लिहून मोकळं व्हायचं, हे चूक आहे. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेला, वेदनाशामक गोळ्या खाल्लेला माणूसही त्या दिवशी ६० च्या खाली दिसतो आणि महिनाभराने परत वर येतो. दुसरी तपासणी शक्य नसेल तर निदान 'एकवेळच्या तपासणीत ईजीएफआर कमी आढळलेले' असं तरी लिहा.

केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेपासून वर्गीकरण तीन अंगांनी होतं: आजाराचं कारण, ईजीएफआरची श्रेणी आणि अल्ब्युमिनची श्रेणी. २०२४ च्या आवृत्तीनेही तेच ठेवलं आहे. जी१ म्हणजे ९० आणि वर, जी२ म्हणजे ६० ते ८९, जी३ए ४५ ते ५९, जी३बी ३० ते ४४, जी४ १५ ते २९, जी५ म्हणजे १५ च्या खाली. लघवीतलं अल्ब्युमिन क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजतात, म्हणजे यूएसीआर: ए१ ३० मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या खाली, ए२ ३० ते ३००, ए३ त्याच्या वर. फक्त 'स्टेज ३' लिहिलेला तक्ता आज अपुरा आहे. जी३ए-ए१ आणि जी३बी-ए३ या दोन माणसांचं पुढचं भवितव्य अगदी वेगळं असतं, आणि तुमच्या तक्त्यात ते एकाच रकान्यात बसलेले असतात.

रसायनशाळा

क्रिएटिनिनबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण सगळी इमारत त्यावर उभी असते.

ईजीएफआरमधला 'ई' म्हणजे अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि लिंग एवढ्यावरून सूत्राने काढलेला आकडा. आज वापरावं ते २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र. त्यात वंशाचा गुणांक नाही. १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट, १९९९ चं एमडीआरडी आणि २००९ चं सीकेडी-ईपीआय अजून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या पेपरांत सापडतात. एकाच अभ्यासात अर्ध्या रुग्णांचा आकडा एका सूत्राचा आणि अर्ध्यांचा दुसऱ्याचा, असं झालं तर तुलनाच निरर्थक. म्हणून प्रयोगशाळेने छापलेला ईजीएफआर उचलू नका. क्रिएटिनिन घ्या आणि सगळ्यांचा ईजीएफआर स्वतः एकाच सूत्राने काढा.

उदाहरण करूनच दाखवतो. क्रिएटिनिन १.५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर, वय ६०, पुरुष. १.५ ला ०.९ ने भागलं की १.६६७. त्याचा उणे १.२ वा घात ०.५४२. वयाचा गुणांक ०.९९३८ चा ६० वा घात, म्हणजे ०.६८९. १४२ गुणिले ०.५४२ गुणिले ०.६८९, उत्तर ५३. तोच १.५ आकडा, तेच वय, पण स्त्री: ०.९ ऐवजी ०.७ ने भागायचं आणि शेवटी १.०१२ ने गुणायचं. उत्तर ४०. आणि ३० वर्षांच्या पुरुषाला त्याच १.५ वर ६४ येतात. एकच क्रिएटिनिन, तीन माणसं, तीन वेगळ्या श्रेणी. 'क्रिएटिनिन १.५ च्या वर' अशी निवडीची अट घातली की स्त्रिया आणि म्हातारी माणसं आजार बराच पुढे गेल्यावरच अभ्यासात येतात, आणि मग निष्कर्षात 'स्त्रियांमध्ये आजार जास्त तीव्र' असं लिहिलं जातं. तीव्रता आजाराची नसते, अटीची असते.

कुठे चुकतं तेही लिहितो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे पाय कापलेला, अंथरुणाला खिळलेला किंवा खूप वाळलेला रुग्ण कागदावर बरा दिसतो. शिजवलेलं मांस भरपूर खाऊन लगेच रक्त दिलं तर आकडा वर जातो. ट्रायमेथोप्रिम आणि सिमेटिडीन ही औषधं नलिकांतून होणारा क्रिएटिनिनचा स्राव अडवतात; रक्तातला आकडा वाढतो, गाळण्याची क्रिया तीच राहते. क्रिएटिनिन मोजायची जाफे पद्धत स्वस्त आहे, पण बिलिरुबिन, जास्त ग्लुकोज, कीटोन यांनी बिघडते. एन्झाइम पद्धत जास्त भरवशाची. दोन प्रयोगशाळांचे नमुने एकत्र करायचे असतील तर दोघींची पद्धत आयडीएमएस या संदर्भ पद्धतीच्या प्रमाणाला जोडलेली आहे का, ते लेखी विचारा.

स्नायूंचा प्रश्न मोठा असेल तर सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारसा अवलंबून नसलेला रक्तातला दुसरा निर्देशक) करा. तोही निर्दोष नाही: स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार, धूम्रपान, लठ्ठपणा, शरीरातली सूज यांनी हलतो. दोन्ही एकत्र वापरणारं सूत्र प्रत्यक्ष मोजलेल्या जीएफआरच्या जास्त जवळ जातं. प्रत्यक्ष मोजायचं तर आयोहेक्सॉलसारखं द्रव्य टोचून ते रक्तातून किती वेगाने उतरतं ते पाहावं लागतं. छोट्या अभ्यासात ते सहसा झेपत नाही आणि बहुतेकदा गरजही नसते.

प्रश्नचिन्ह

रसायनशाळा, यूएसीआरचा नमुना कधी घ्यायचा? काही पेपरांत 'स्पॉट सॅम्पल' एवढंच लिहिलेलं असतं.

रसायनशाळा

सकाळची पहिली लघवी. दिवसातल्या कुठल्याही वेळेच्या नमुन्यात चढउतार फार. आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी, अनियंत्रित साखर यांनी आकडा वाढतो, म्हणून अशा वेळी नमुना पुढे ढकला. मधुमेहात ३ ते ६ महिन्यांत घेतलेल्या ३ नमुन्यांपैकी २ वाढलेले असतील तरच पक्कं धरायचं. एककंही पाहा: ३० मिग्रॅ प्रति ग्रॅम म्हणजे सुमारे ३ मिग्रॅ प्रति मिलीमोल. वेगवेगळ्या देशांतले पेपर एकत्र करताना इथे दहापटीची चूक होते. क्रिएटिनिनचंही तसंच: १ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर.

तिसरा_अंक

वरच्या '३ पैकी २' मागे संख्याशास्त्राचं कारणही आहे. एकाच नमुन्यात यूएसीआर ३०० च्या वर असलेल्यांनाच निवडलं तर त्यातले काही त्या दिवशी योगायोगाने वर गेलेले असतात. ३ महिन्यांनी त्यांचा आकडा आपोआप खाली येतो. नियंत्रण गट नसेल तर ती घट औषधाच्या, आहाराच्या किंवा योगासनांच्या खात्यावर जमा होते. 'आधी-नंतर' स्वरूपाच्या छोट्या अभ्यासांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

आता मोठ्या चाचण्या वाचण्याबद्दल. डायलिसिसपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात, म्हणून चाचण्या पर्यायी टप्पे मोजतात. आधी क्रिएटिनिन दुप्पट होणं हा टप्पा होता. तो ईजीएफआरच्या सुमारे ५७ टक्के घटीएवढा. पुढे ५० आणि ४० टक्क्यांची घट वापरात आली, आणि आता ईजीएफआरचा वार्षिक उतार. उताराचा उपयोग मोठा आहे, पण त्यात एक सापळा आहे.

एसीई इनहिबिटर, एआरबी आणि एसजीएलटी२ इनहिबिटर ही किडनी जपणारी औषधं सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो, कारण गाळणाऱ्या केशवाहिन्यांतला दाब कमी होतो. नंतर घसरण मंदावते. समजा, औषध न घेणारा ४५ वरून वर्षाला ३.५ ने उतरतोय. औषध घेणारा सुरुवातीलाच ४१ वर आला आणि मग वर्षाला १.५ ने उतरतोय. दोन वर्षांनी पहिला ३८ वर, दुसराही ३८ वर. अभ्यास तिथे संपला तर निष्कर्ष 'फरक नाही'. पाचव्या वर्षी मात्र एक २७.५ वर असतो आणि दुसरा ३३.५ वर. म्हणून सुरुवातीची घट आणि नंतरचा उतार वेगळे दाखवलेत का, ते पाहायचं. आणि छोट्या अभ्यासात औषध सुरू होऊन ३ महिने झाले नसतील तर तो ईजीएफआर आधारबिंदू म्हणून घेऊ नका.

मुक्ता_प

याचाच उपयोग रुग्णाशी बोलताना होतो. औषध सुरू केल्यावर २ ते ४ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा औषध बंद करत नाहीत. ही गोष्ट आधी सांगितली नसेल तर रुग्ण वाढलेला आकडा पाहून स्वतःच गोळी सोडतो आणि अभ्यासात 'औषध न घेणारा' म्हणून नोंदला जातो. गोळी का सोडली, यासाठी नोंदवहीत वेगळा रकाना ठेवा.

एक शंका: डापाग्लिफ्लोझिन या एसजीएलटी२ इनहिबिटरच्या डापा-सीकेडी चाचणीत 'धोका ३९ टक्क्यांनी कमी' असं सगळीकडे येतं. रुग्णाच्या भाषेत त्याचा अर्थ काय करायचा?

तिसरा_अंक

निरपेक्ष आकडे घ्या. २०२० च्या या चाचणीत ४३०४ जण होते, ईजीएफआर २५ ते ७५ आणि यूएसीआर २०० ते ५०००. पाठपुराव्याचा मध्यक काळ २.४ वर्षं. मुख्य घटना प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) गटात १४.५ टक्के, डापाग्लिफ्लोझिन गटात ९.२ टक्के. म्हणजे शंभरात सुमारे ५ जणांची घटना टळली. १९ जणांना तेवढा काळ औषध दिलं तर एकाची. पण 'घटना' म्हणजे काय, हे मोठ्याने वाचायला हवं: ईजीएफआर निम्म्याहून खाली टिकून राहणं, किडनी निकामी होणं, किंवा किडनीच्या अथवा हृदयाच्या आजाराने मृत्यू. यातली पहिली घटना रुग्णाला अंगावर जाणवेलच असं नाही. शेवटची सगळं संपवणारी. एकाच टोपलीत तिन्ही आहेत. टोपलीतला कुठला भाग किती हलला ते स्वतंत्र तक्त्यात असतं. तो वाचल्याशिवाय पेपर उद्धृत करू नये.

शिवाय त्यात टाइप १ मधुमेह, पॉलिसिस्टिक किडनी, ल्युपस नेफ्रायटिस असलेले घेतलेच नव्हते. एम्पाग्लिफ्लोझिन या त्याच वर्गातल्या औषधाची २०२३ ची एम्पा-किडनी चाचणी, ६६०९ जणांची, त्यापेक्षा रुंद होती. लघवीत अल्ब्युमिन फारसं न जाणारेही तिच्यात होते. तुमचा रुग्ण कुठल्या चाचणीत बसला असता, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

गाळणी

तिसरा_अंक यांच्या मुद्द्याला जोडून: आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही, हे या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन शिकलंय. नव्या अभ्यासकाने या तीन चाचण्या एकत्र वाचाव्यात.

२००६ ची क्वायर, १४३२ रुग्ण. रक्तवाढीच्या इंजेक्शनने हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत न्यायचं की ११.३ पर्यंत, एवढाच फरक. वरचं लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाच्या घटना जास्त झाल्या, आणि जीवनमानाचे गुण काही जास्त सुधारले नाहीत. मग २००९ ची ट्रीट, टाइप २ मधुमेह असलेले ४०३८ रुग्ण. डार्बेपोएटिन या तशाच इंजेक्शनने हिमोग्लोबिन १३ कडे नेलं. मुख्य फायदा दिसला नाही, थकव्यात थोडासा फरक पडला, आणि पक्षाघात झाले १०१. प्लासिबो गटात ५३. तिसरी २०१३ ची बीकन, बार्डोक्सोलोन या औषधाची, जी४ श्रेणीतले २१८५ मधुमेही. यात तर चक्क ईजीएफआर वाढला. आणि हार्ट फेल्युअरमुळे दाखल होणाऱ्यांची किंवा मरणाऱ्यांची संख्या औषध गटात ९६, प्लासिबोत ५५. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

फक्त हिमोग्लोबिन आणि ईजीएफआर मोजले असते तर या तिन्ही चाचण्या यशस्वी ठरल्या असत्या. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून ठासून लिहितेय.

पडदा_आणि_पंप

डायलिसिसच्या बाजूने लिहितो. 'लवकर सुरू केलेलं बरं' असा समज बरीच वर्षं होता. २०१० ची आयडियल चाचणी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले ८२८ रुग्ण, नेमकी यावर होती. एका गटाने ईजीएफआर १० ते १४ असताना सुरू करायचं, दुसऱ्याने ५ ते ७ पर्यंत थांबायचं. मृत्यूचं प्रमाण ३७.६ आणि ३६.६ टक्के, म्हणजे फरक नाही. पण थांबायला सांगितलेल्यांपैकी ७५.९ टक्क्यांना लक्षणांमुळे ७ च्या आधीच सुरू करावं लागलं. दोन्ही अर्धी वाक्यं एकत्र वाचायची: आकड्यासाठी घाई नको, आणि लक्षणांकडे दुर्लक्षही नको.

निरीक्षणात्मक अभ्यासांत याची उत्तरं उलटसुलट का येतात? जास्त आजारी माणसाला डॉक्टर लवकर घेतात. शिवाय त्याचे स्नायू झिजलेले असल्याने क्रिएटिनिन कमी आणि ईजीएफआर फसवा जास्त. आणि आधी सुरू केलं की जगण्याचा काळ मोजायला सुरुवातही आधीच होते. डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून काळ मोजलेली तुलना म्हणून टिकत नाही.

आता लक्षणं. डायलिसिसवर असलेल्यांचा अभ्यास करत असाल तर हा एक प्रश्न नक्की ठेवा: 'डायलिसिस झाल्यावर पूर्ववत वाटायला किती वेळ लागतो?' उत्तर तासांत किंवा मिनिटांत लिहायचं. विचारायला अर्धा मिनिट लागतो आणि माहिती भरपूर मिळते. डॉप्स या बहुराष्ट्रीय अभ्यासात १२ तासांपेक्षा जास्त वेळ लागणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. सोबत पाणी काढण्याचा वेगही नोंदवा. गणित सोपं आहे: काढलेलं पाणी मिलीलिटरमध्ये, भागिले वजन, भागिले तास. ६० किलोच्या माणसाचं ४ तासांत ३ लिटर काढलं तर १२.५. साडेतीन लिटर काढलं तर १४.६. १३ च्या वरचा वेग निरीक्षणात्मक अभ्यासांत जास्त मृत्यूंशी जोडलेला दिसतो, आणि त्याच वेगाला रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात, माणूस घरी जाऊन दिवसभर पडून राहतो. वजन डायलिसिसनंतरचं घ्या, आधीचं नाही. हे सगळ्यांसाठी एकसारखं ठेवा.

प्रश्नावली कधी भरून घ्यायची, यानेही उत्तर बदलतं. शेवटच्या तासात माणूस गळून गेलेला असतो. दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी धाप आणि सूज जास्त असते. आठवड्यातली मधली पाळी, पहिले दोन तास, आणि प्रश्न विचारणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या चमूतली नको. सुई टोचणाऱ्या माणसासमोर कोणीही 'इथे त्रास होतो' असं मोकळेपणाने म्हणत नाही.

शब्दवेल्हाळ

प्रश्नावलीच्या मराठीबद्दल मला लिहायचंय.

किडनीच्या रुग्णांचं जीवनमान मोजणारी केडीक्यूओएल-३६ सगळ्यात जास्त वापरली जाते. ३६ प्रश्न: १२ सर्वसाधारण प्रकृतीचे, एसएफ-१२ या दुसऱ्या प्रश्नावलीतून आलेले, ४ आजाराच्या ओझ्याचे, १२ लक्षणांचे, ८ रोजच्या जगण्यावरच्या परिणामांचे. गुण ० ते १००, जास्त म्हणजे बरं. काही प्रश्न उलटे असतात. गुण देताना ते फिरवायचे राहिले तर सगळा निकाल उलटतो. सगळे भाग एकत्र करून एकच सरासरी काढू नका. ओझं ३० आणि लक्षणं ८० असलेला माणूस सरासरीत 'मध्यम' दिसतो आणि त्याची नेमकी अडचण झाकली जाते.

भाषांतराचा रीतसर मार्ग असा: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, दोन्ही बसून जुळवायची, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचं, फरक मिटवायचे, मग ५ ते १० रुग्णांना एकेक प्रश्न वाचून दाखवून 'तुम्हाला यातून काय समजलं' असं विचारायचं. शेवटची पायरीच गाळली जाते आणि तिथेच सगळं उघड होतं. एसएफ-१२ च्या जुन्या आवृत्तीत 'डाउनहार्टेड अँड ब्लू' असा शब्दप्रयोग आहे. त्याचं 'निराश व निळे' होऊ शकत नाही हे कळतं, पण 'खिन्न' लिहिलं तरी बऱ्याच जणांना कळत नाही. 'मन उदास होणं' चालतं.

थकव्याचं तर फारच जपून. 'थकवा' म्हटलं की काम केल्यावर येतो तो. 'अशक्तपणा' म्हटलं की माणूस अन्न कमी पडल्याचं सांगतो. 'कंटाळा' म्हटलं की मनाचं सांगतो. डायलिसिसनंतर होतं ते 'गळून जाणं'. चारही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच शब्दावर सगळं लोटलं तर नेमकं काय मोजलं ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. साँग नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात रुग्ण, घरची माणसं आणि डॉक्टर यांनी मिळून हिमोडायलिसिसच्या प्रत्येक चाचणीत मोजायलाच हव्यात अशा चार गोष्टी ठरवल्या: थकवा, हृदयरोग, डायलिसिससाठीची रक्तवाहिनीशी जोडणी आणि मृत्यू. थकवा त्या यादीत आहे, कारण रुग्णांनी तो सतत वर ठेवला.

प्रश्नावली वापरण्याआधी हक्कधारकाची परवानगी तपासा. आधी तपासलेली मराठी आवृत्ती मिळत असेल तर नवी करू नका.

प्रश्नचिन्ह

किती रुग्ण घ्यावेत? '१०० पुरेत' असं सरसकट सांगितलं जातं.

तिसरा_अंक

कशाला पुरेत, ते आधी ठरवा. समजा दोन गटांच्या गुणांत ५ चा फरक शोधायचाय आणि प्रमाण विचलन २० आहे. ८० टक्के ताकद (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात सुमारे २५१ लागतील. फरक १० चा असेल तर ६३. म्हणजे एकूण १०० मध्ये १० चा फरकही नीट पकडता येत नाही. मग 'फरक आढळला नाही' याचा अर्थ 'शोधायला माणसं कमी पडली' एवढाच. गळतीसाठी १५-२० टक्के वर धरा. सीकेडीत जे सर्वांत आजारी तेच पुढच्या भेटीला येत नाहीत, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसते. का आले नाहीत, ते नोंदवा: मृत्यू, डायलिसिस सुरू, प्रत्यारोपण, दुसरीकडे गेले, नको म्हणाले. हे पाच वेगळे संकेतांक.

आणि वयस्कर जी३-जी४ रुग्णांत कॅप्लान-मायर ही घटनेपर्यंतचा काळ मोजायची पद्धत वापरून 'किडनी निकामी होण्याची शक्यता' काढू नका. त्यांच्यात डायलिसिसच्या आधीच मृत्यू येणं नेहमीचं. ती पद्धत मेलेल्यांना 'पुढे कधीतरी डायलिसिसवर जाऊ शकले असते' असं धरते आणि आकडा फुगतो. स्पर्धक जोखीम (इथे डायलिसिसच्या आधीचा मृत्यू) धरून संचयी प्रमाण काढा. कारण शोधायचं असेल तर कारणनिहाय हॅझार्डचं प्रारूप, एखाद्या माणसाची जोखीम सांगायची असेल तर फाइन-ग्रे प्रारूप.

मुक्ता_प

नैराश्यावर एक कळकळीची सूचना. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली सगळे वापरतात. तिच्या ९ प्रश्नांत झोप, थकवा, भूक, मंदावलेली हालचाल, एकाग्रता हे सगळं येतं, आणि युरिया वाढल्यावर हेच होतं. त्यामुळे १० गुणांची नेहमीची सीमा लावून 'इतक्या टक्के रुग्णांना नैराश्य' लिहिणं धोक्याचं. त्याला 'चाचणीत नैराश्याची लक्षणं' म्हणा. निदान मुलाखतीनेच होतं. औषधांचाही निकाल एकसारखा नाही. डायलिसिसपूर्व रुग्णांतल्या २०१७ च्या कास्ट चाचणीत सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांतल्या २०१९ च्या असेंडमध्ये १२ आठवड्यांनी ते वर्तनोपचारापेक्षा थोडं पुढे होतं, पण दुष्परिणामही जास्त होते.

आणि नववा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला ० सोडून कुठलंही उत्तर आलं तर त्याच दिवशी, रुग्ण जाण्याआधी, कोणाला कळवायचं हे आराखड्यात नाव-क्रमांकासह लिहिलेलं हवं. कागद गोळा करून महिनाभराने संगणकात भरताना ते उत्तर दिसणं, हे अक्षम्य आहे.

पडदा_आणि_पंप

खाजेचं राहिलंच. ती विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाही. त्वचेचं काहीतरी असेल असं समजतो. विचारायची पद्धत सोपी: 'गेल्या २४ तासांत खाज सर्वांत जास्त असताना ० ते १० मध्ये किती होती?' आठवडाभर रोज विचारून सरासरी काढायची. डायफेलिकेफॅलिन या खाजेवरच्या औषधाच्या २०२० मधल्या काल्म-१ चाचणीत ३ गुणांची घट हा निकष होता. १२ आठवड्यांनी औषध गटात निम्म्याच्या आसपास लोकांनी तो गाठला. प्लासिबोतही जवळपास ३० टक्क्यांनी. खाजेवर नियंत्रण गटाशिवाय काहीही तपासू नये, याला हे ३० टक्के पुरेसे आहेत.

फॉस्फरसशी खाजेचा संबंध फार कच्चा आहे, म्हणून फॉस्फरस चांगला आहे म्हणून खाजेचा प्रश्न गाळू नका. आणि खाजेसाठी गॅबापेंटिन हे औषध घेणारे रुग्ण असतील तर मात्रा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते नोंदवा. ते किडनीतूनच बाहेर पडतं, साठतं. मग गुंगी, तोल जाणं, अंगाला झटके येतात. हीच लक्षणं तुमच्या प्रश्नावलीत 'आजाराचा परिणाम' म्हणून मोजली जातील.

गाळणी

पडदा_आणि_पंप, हा मुद्दा मी आराखड्याच्या नमुन्यात घालते: प्रत्येक लक्षणासमोर 'याला कारण ठरू शकेल असं औषध किंवा उपचार' असा रकाना. अंगात जोर नसणं यासमोर बीटा ब्लॉकर, झोप नसणं यासमोर स्टेरॉइड आणि संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवीची गोळी, पायातले गोळे यासमोर पाणी काढण्याचा वेग. नमुना तयार झाला की इथेच टाकते. तोवर कोणाकडे केडीक्यूओएलचे उलटे प्रश्न गुणांत फिरवण्याचं तपासलेलं कोष्टक असेल तर द्या, म्हणजे प्रत्येकाला ते नव्याने करावं लागणार नाही.